तबल्यावरून उठून वाद्यवृंदासमोर उभं राहताना

कोल्हापूरच्याच एका तबलावादक मुलानं विचारलंय: "वय एकवीस. तबल्यात विशारद झालोय. युवा महोत्सवासाठी कॉलेजच्या वाद्यवृंदाचा सराव मीच घेतला आणि तेव्हापासून समोर उभं राहून सगळ्यांकडून वाजवून घ्यायची ओढ लागलीय. ताल वाजवणारा माणूस कंडक्टर होऊ शकतो का? त्यासाठी तबला सोडावा लागेल का? कोल्हापुरात राहून हे जमेल का? आणि कंडक्टरची काठी कुठली घ्यावी?"

वयानं लहान आहेस म्हणून अरे-तुरेच करतो. पहिली गोष्ट, घरात हा शब्द जपून वापर. मी पहिल्यांदा "मला कंडक्टर व्हायचंय" म्हणालो तेव्हा आईनं भाकरी थापता थापता विचारलं, "एसटीत का केएमटीत?" (केएमटी म्हणजे आपली शहरातली बस.) वडील पुढं म्हणाले, "केएमटीतच बघ म्हणावं, रात्री मुक्कामाला घरी तरी येशील." पगार आणि पेन्शन या अंगानं बघितलं तर त्यांचं काही चुकत नव्हतं.

तुझ्या प्रश्नांची थोडक्यात उत्तरं अशी: होऊ शकतो. तबला सोडू नकोस. कोल्हापुरात निम्मं जमेल, उरलेल्या निम्म्यासाठी मुंबईच्या महालक्ष्मी एक्सप्रेसचं तिकीट काढावं लागेल. मी चाळीसेक वर्षं तबला वाजवतोय आणि त्यातली पंचवीस वर्षं समूहगान नि वाद्यवृंद बसवतोय. पुढं सांगतोय ते बरंचसं तोंडावर पडून शिकलेलं आहे.

तोंडावर पडलो तोच प्रसंग आधी सांगतो. एका शाळेचा सुवर्णमहोत्सव होता. गायला साठ मुलं, वाजवायला चौदाजण. तबल्यावर माझाच एक विद्यार्थी बसवला आणि मी समोर उभा राहिलो. मनात पक्कं होतं की लय आपल्या रक्तात आहे, हात आपोआप चालेल. समेला, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेला, मी हात खाली आणला. मुलं अर्धी मात्रा मागून आली. मला वाटलं पोरं रेंगाळताहेत, म्हणून पुढच्या समेला हात जरा लवकर आणला. ती धावली. ती धावली म्हणून मी मागं खेचलं, तर निम्मी थांबली नि निम्मी पुढं गेली. मग मी पाय आपटायला लागलो, मग टाळ्या वाजवायला. मध्यलयीत सुरू झालेलं गीत शेवटच्या कडव्याला असं पळत होतं की पाहुण्यांना ते स्फूर्तिगीत वाटलं आणि टाळ्या मात्र जोरात पडल्या. घरी जाताना विद्यार्थी म्हणाला, "सर, मी तुमच्या हाताकडं बघू का पोरांचं ऐकू, तेच कळंना."

चूक लयीची नव्हती. तालवादकाच्या शरीराला जी सवय लागलेली असते तिचीच ती चूक होती. आपलं बोट तबल्याच्या काळ्या शाईवर पडतं त्या क्षणी नाद निघतो. घाव आणि नाद यांच्यात फट नसते आणि आयुष्यभर आपण ती फट नसण्याचाच रियाज करतो. समोर उभा राहणाऱ्याच्या हातातून आवाज निघत नाही. तो निघतो दुसऱ्याच्या छातीतून, फुंकेतून, गजातून. त्या माणसाला श्वास घ्यायला, गज उचलायला वेळ लागतो. म्हणजे समेवर दाखवलेली सम ही शिळी सम. खरा इशारा एक मात्रा आधी द्यावा लागतो आणि त्या एका मात्रेतच सगळं सांगावं लागतं: किती वेगानं जायचं, किती जोरात, कडक उठायचं की मऊ.

हे समजायला मला तीन-चार वर्षं लागली, पण समजलं ते आपल्याच शब्दात. गवई मुखडा, म्हणजे समेकडं नेणारा गाण्याचा तुकडा, उचलतो तेव्हा सम अजून आलेली नसते, तरी ती कुठं आणि कशी पडणार हे सभेतल्या शेवटच्या माणसालाही कळतं. कंडक्टरची आगाऊ मात्रा म्हणजे आवाज काढून घेतलेला मुखडा. असं धरून बघ, हात आपोआप वेगळा चालेल. त्या मात्रेत तू स्वतः नाकानं श्वास घेतलास तर समोरची साठ माणसंही घेतात. श्वास विसरलास तर नुसता हात हलतो आणि लोक चुकतात.

पाय आपटायचा मोह तालवादकाला सगळ्यात जास्त होतो, म्हणून एक जुनी गोष्ट. सतराव्या शतकात फ्रान्सच्या दरबारात जाँ बातीस्त ल्युली नावाचा संगीतकार होता. त्या काळी जड दांडा जमिनीवर आपटून लय दाखवायची पद्धत होती. १६८७ च्या जानेवारीत एका स्तोत्राच्या वेळी त्याचा दांडा स्वतःच्याच पायाच्या बोटावर बसला, जखम चिघळली आणि मार्चमध्ये तो वारला. माझ्या वर्गात कुणी पायानं लय द्यायला लागला की मी फक्त "ल्युली" म्हणतो.

आता तू म्हणशील, आपल्याकडं तबला असताना समोर माणूस हवाच कशाला? रास्त आहे. ठेका हे ऐकू येणारं संचालनच आहे. कर्नाटक संगीतात गायक स्वतः हातानं ताल धरतो. आपल्याकडं तो तबल्याकडं सोपवून मोकळा होतो. चार-पाच जण एका बैठकीवर असतील तर ठेका पुरतो. पण वादक तीस झाले आणि मंच रुंद झाला की भौतिकशास्त्र आडवं येतं. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. तबल्यापासून १७ मीटरवर बसलेल्या माणसाला तुझा 'धा' सेकंदाच्या विसाव्या भागानं उशिरा ऐकू येतो. मिनिटाला ३०० मात्रांच्या द्रुत तीनतालात एक मात्रा सेकंदाच्या पाचव्या भागाची, म्हणजे तो पाव मात्रा मागं. मात्रेत चार बोल वाजवायच्या चौगुणीतला अख्खा एक बोल! तो ऐकून वाजवणार, त्याचा आवाज तुझ्यापर्यंत यायला पुन्हा तेवढाच वेळ, म्हणजे तुला तो अर्धी मात्रा मागं वाटणार. दोघंही चांगले वाजवताहेत आणि तरी भांडण. मैदानावर शंभर मीटरची रांग असेल तर काही विचारूच नकोस. अशा वेळी कान बंद करून डोळ्यांनी वाजवावं लागतं, आणि त्यासाठीच समोर माणूस लागतो.

आपल्या लोकांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक आहे. पट्टण कोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेला गेला असशीलच. भंडाऱ्याच्या पिवळ्या धुरळ्यात धनगरी ढोल घुमतात तेव्हा नीट बघ: ढोलवाले म्होरक्याच्या खांद्याकडं आणि पावलाकडं बघत असतात. चाल बदलायच्या आधी त्याचं अंग बदलतं. कुस्तीच्या तालमीसमोर हलगी-घुमकं-कैताळ वाजतं तिथंही हलगीवाला मान वर करतो आणि मगच घुमक्याची चाल फिरते. मी हे लहानपणापासून बघत आलो होतो, पण ते संचालन आहे हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली. शिकायला पैसे पडत नाहीत, तेवढं बघून ये.

हात कसा फिरवायचा याचे पाश्चात्त्य आराखडे दोन दिवसांत पाठ होतात. चारच्या लयीत खाली, आत, बाहेर, वर. तीनमध्ये खाली, बाहेर, वर. तीनताल, केरवा, दादरा यांना ते बसतात. पंचाईत होते सात मात्रांच्या रूपकात. पाश्चात्त्य पद्धतीत पहिली मात्रा म्हणजे सगळ्यात वजनदार, हात वरून खाली. आणि आपल्या रूपकाची सम 'खाली'वर, म्हणजे तालातल्या बिनवजनाच्या जागेवर! ती ती ना, धी ना, धी ना. तिथं तू जोरात हात खाली आणलास तर तबलेवाला 'ती' वाजवताना गोंधळतो आणि कीबोर्डवाला तिथं ढाण्णकन कॉर्ड हाणतो. रूपकाचा सगळा नखरा गेला. बरीच वर्षं झगडल्यावर मी असं ठरवलं: रूपकाची पहिली मात्रा खालीच दाखवायची, पण तळवा उघडा ठेवून, पाण्यावर हात टेकवावा तशी, आणि वजन चौथ्या नि सहाव्या मात्रेला द्यायचं. झपतालात दोन-तीन-दोन-तीन हे चार असमान ठोके दाखवतो, पण सहाव्या मात्रेपासून हात लहान करतो, म्हणजे 'खाली' आली हे न सांगता कळतं. धमाराला पाच-दोन-तीन-चार. विलंबित, म्हणजे अगदी संथ, एकताल असेल तर हात खिशात घाल. खरंच सांगतो, विलंबितात कंडक्टर म्हणजे अडचण. सम जवळ आली की मान हलवली तरी भागतं.

याहून अवघड गोष्ट म्हणजे लय उतरवणं. आपलं शास्त्रीय संगीत चढत जातं: विलंबित, मध्य, द्रुत आणि शेवटी 'झाला'. एकदा चढलेली लय सगळ्यांनी मिळून हळूहळू खाली आणायची वेळ मैफिलीत क्वचितच येते. शेवट करायचा तर एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणारी तिहाई घेतो आणि थांबतो. त्यामुळं तबलजीच्या अंगात लय उतरवायचे स्नायूच तयार झालेले नसतात. आपण तिला धरून ठेवणारे, 'लय सोडली' ही आपल्याकडं शिवी आहे. वाद्यवृंदात मात्र लय मुद्दाम सोडावी लागते, चौतीस माणसांनी एकाच मापानं. मी हे कसं शिकलो ते सांगतो. एकच सुरावट ठरल्या लयीत फिरवत राहणाऱ्या लेहऱ्याच्या मशीनवर रियाज बंद करून एका गाणाऱ्या मैत्रिणीच्या नुसत्या कविता म्हणण्याबरोबर हात फिरवायला लागलो. तालाशिवाय, बोलण्याच्या लयीत. सुरुवातीला फार बावळट वाटलं. तीन महिन्यांनी हाताला कळलं की लय म्हणजे घड्याळ नव्हे.

आता तालवादकाच्या खऱ्या उणिवेबद्दल. ती लयीत नाही, सुरात आहे. राग मानू नकोस. आपल्याला आपल्या तबल्याचा षड्ज बारीक ऐकू येतो, तबल्याच्या कडेच्या लाकडी गठ्ठ्यावर हातोडीचा अर्धा ठोका कमी-जास्त कळतो. पण बारा वाद्यं एकदम वाजत असताना त्यातली दुसरी व्हायोलिन निषादाला उतरतेय हे कळतं का? मला कळत नव्हतं. मी फक्त "काहीतरी बोंबललंय" एवढं सांगू शकायचो, आणि ते तर प्रेक्षकही सांगतो. म्हणून वयाच्या तिशीत गाण्याच्या क्लासला बसलो, शेजारी दहा-बारा वर्षांच्या मुली. लाज गिळली. दोन वर्षं रोज सकाळी अलंकार-पलटे गायलो. तुझ्या वयात हे सोपं जाईल. आजच सुरू कर.

नोटेशनचंही तसंच. भातखंडे आणि पलुस्कर पद्धती तुला परीक्षेमुळं येत असतील, पण क्लॅरिनेट, ट्रम्पेट, व्हायोलिनवाल्यांसमोर पाच रेघांची लिपी यावीच लागते. मला ती आमच्या पेठेतल्या एका निवृत्त फौजी बँडवाल्या काकांनी शिकवली. त्यांनी पहिल्याच दिवशी माझी दांडी उडवली. म्हणाले, क्लॅरिनेटच्या कागदावर 'सी' लिहिलाय, तो कुठं वाजेल? मी पेटीवर पांढरी एक दाबली. त्यांनी फुंकलं तर काळी पाच! बी-फ्लॅट क्लॅरिनेट आणि ट्रम्पेट यांचा लिहिलेला 'सी' काळी पाचला वाजतो आणि आल्टो सॅक्सोफोनचा काळी दोनला. म्हणजे काळी एकमध्ये गाणाऱ्या बाईंचं गाणं तू सगळ्यांना एकाच कागदावरून वाटलंस तर तीन पट्ट्यांची आमटी होते. प्रत्येकाचा कागद वेगळा लिहावा लागतो आणि तुझ्यासमोर सगळ्यांच्या ओळी एकाखाली एक. तेच स्कोअर. कादंबरी वाचावी तसं ते वाचता यायला वेळ लागतो. मी अजूनही अडखळतो.

पट्टीवरून आठवलं, हवामान. जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडं पाऊस कसा असतो तुला माहीत आहे, आणि नेमके पंधरा ऑगस्टचे सगळे कार्यक्रम तेव्हाच. दमट हवेत तबल्याची पुडी, म्हणजे वरचं चामडं, सैलावते, सूर उतरतो. बासरी गारव्यात उतरते आणि वाजून गरम झाली की चढते. पेटी जिथं आहे तिथंच. म्हणून सूर नेहमी पेटीचा घ्यायचा, कारण तिला हलवता येत नाही, आणि कीबोर्डवाल्याला त्याचं यंत्र पेटीला मिळवायला लावायचं. तो कुरकुरतो, "माझं तर बरोबर आहे" म्हणतो. बरोबर असेलही, पण एकटं बरोबर असून काय करायचं?

आता तुझा मुख्य प्रश्न, तालवादक तिथं पोचतात का. जगातले काही मोठे कंडक्टर मुळात तालवादकच आहेत. लिव्हरपूलचा सायमन रॅटल मुलगा असताना तिथल्या युवा वाद्यवृंदात तालवाद्यं वाजवायचा. पुढं १९८० ते १९९८ बर्मिंगहॅमचा वाद्यवृंद त्यानं नावारूपाला आणला आणि २००२ ते २०१८ बर्लिन फिलहार्मोनिक सांभाळला. एस्टोनियाचे नेमे यार्वी टॅलिनमध्ये तालवाद्यं आणि समूहगानाचं संचालन शिकले. त्यांचा मुलगा पावो यार्वी, तोही तालवादक, तरुणपणी रॉक बँडमध्ये ड्रम वाजवलेला. फिनलंडचा सान्तू-मातियास रौवाली हा १९८५ चा जन्म, तालवादक म्हणून घडला, आणि २०२१ पासून लंडनच्या फिलहार्मोनियाचा प्रमुख कंडक्टर आहे. का पोचले असतील? मला वाटतं जागेमुळं. सिम्फनीत तालवादक सगळ्यात मागं उभा असतो. शंभर आवर्तनं गप्प राहून मोजायचं आणि मग एकदा झांज वाजवायची. ती शंभर आवर्तनं तो सगळ्यांचं ऐकत असतो, समोर कंडक्टरचा चेहरा आणि अख्ख्या वाद्यवृंदाच्या पाठी. फुकटची शाळा.

पण एक विसरू नकोस. यातला एकही जण 'ताल येतो म्हणून' काठी घेऊन उभा राहिला नाही. रॅटल लंडनच्या रॉयल अकॅडमीत संचालन शिकला आणि १९७४ मध्ये त्यातली आंतरराष्ट्रीय स्पर्धा जिंकला. रौवाली हेलसिंकीच्या सिबेलियस अकादमीत योर्मा पानुलांसारख्या मास्तरांकडं शिकला. संचालन हे वेगळं वाद्य आहे, त्याचा वेगळा गुरू लागतो.

आपल्याकडं चित्र जरा निराळं. वाद्यवृंद उभे केले ते बहुतेक सुरावाल्यांनी. बाबा अलाउद्दीन खाँसाहेबांनी मैहरमध्ये साथीच्या रोगात पोरक्या झालेल्या मुलांना घेऊन १९१८ च्या सुमारास बँड काढला. बंदुकीच्या नळ्या कापून त्यांनी नलतरंग बनवलं, ते आघातानंच वाजतं हे तालवाल्यांनी अभिमानानं लक्षात ठेवावं. आकाशवाणीचा वाद्यवृंद दिल्लीत १९५२ मध्ये सुरू झाला तो पंडित रविशंकरांच्या हाताखाली, पुढं बासरीवादक पन्नालाल घोष तिथं आले. पन्नालालजींचे धाकटे भाऊ निखिल घोष हे तबल्याचे. त्यांनी मुंबईत संस्था उभी केली आणि तालासकट सगळं लिहिता यावं म्हणून स्वतंत्र स्वरलिपी तयार केली. तबलजीनं लिपीचा विचार केला, हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि सिनेमा. तिथं ताल वाजवणारे थेट पुढं आले. गुलाम मोहम्मद तबला-ढोलकवाले, नौशादांचे सहायक, मग 'पाकीजा'चे संगीतकार. गोव्याचे दत्ताराम वाडकर शंकर-जयकिशन यांच्याकडं तालाची बाजू बघायचे. त्यांचा ठेका 'दत्ताराम ठेका' म्हणूनच ओळखला जातो, आणि १९५७-५८ च्या सुमारास ते स्वतः संगीतकार झाले. मारुतीराव कीर तबल्यावरून आर. डी. बर्मन यांचे सहायक झाले. तालवादक कावस लॉर्ड यांचा मुलगा केरसी लॉर्ड तालवाद्यांपासून संयोजनापर्यंत गेला. यातल्या कुणाच्या हातात कदाचित काठी नव्हती, पण कोण कधी वाजवणार आणि कोण गप्प बसणार हे ते ठरवत होते. उस्ताद झाकीर हुसेन यांनी २०१५ मध्ये सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियासाठी तबला आणि वाद्यवृंदाची 'पेशकार' नावाची रचना केली. त्यात ते कंडक्टर नव्हते, तबल्यावर होते, काठी दुसऱ्याच्या हातात. एवढा मोठा माणूस स्वतःच्याच रचनेत दुसऱ्याच्या हाताकडं बघून वाजवतो, याचा विचार कर.

त्यातच तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तबला सोडू नकोस, कारण कंडक्टरचं निम्मं काम साथ आहे. गाणारी व्यक्ती एखाद्या शब्दावर थांबली तर सगळा वाद्यवृंद तिच्यासाठी थांबवायचा, ती सुटली की सोडायचा. गवयाच्या उजव्या अंगाला बसून वर्षानुवर्षं त्याचा गळा फुगताना, खांदा उचलताना बघितलेला साथीदार हे झोपेतही करतो. व्हायोलिन किंवा पियानोवरून आलेल्यांना ते शिकावं लागतं. अहमदजान थिरकवा खाँसाहेब बालगंधर्वांच्या नाटक कंपनीत तबल्याला होते. एवढा सोलो वाजवणारा माणूस, आणि रोज रात्री पदाच्या साथीला. ती शिस्त अंगात असेल तरच समोर उभा राहा.

फक्त दोन्ही टोप्या एकदम घालू नकोस. साथीला बसलास की साथीदार. मी एकदा भर मैफिलीत पेटीवाल्याला डोळ्यांनी हळू वाजव म्हणून खुणावलं. गायकाच्या ते लक्षात आलं आणि पुन्हा त्यांचं बोलावणं आलं नाही. तक्रार नाही, चूक माझीच होती. तक्रार आहे ती दुसऱ्याच गोष्टीची: एकदा 'संचालक' म्हणून नाव छापलं गेलं की लोक परस्पर ठरवतात, "ते आता तबला वाजवत नाहीत." दोन वर्षं मला साथीचे कार्यक्रम जवळपास आले नाहीत. एका आयोजकांनी तर संचालन करून घेतलं आणि मानधनाच्या पाकिटावर 'तबला' लिहून तबल्याचंच मानधन दिलं. तेव्हापासून मी आधी कागदावर लिहून घेतो. तूही घे. संकोच वाटेल, तरी घे.

कोल्हापूरबद्दल. या गावाला वाद्यवृंदाचं वावडं कधीच नव्हतं. देवल क्लब ही गाण्याची संस्था १८८३ ची. शाहू महाराजांच्या दरबारात गवई अल्लादिया खाँसाहेब. महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर उभं केलं, तेच पुढं केशवराव भोसले नाट्यगृह झालं. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते जळालं तेव्हा मी खासबागेच्या बाजूला उभा राहून बघत होतो. त्या मंचाच्या कुठल्या फळीवरून आवाज कसा परत येतो हे आम्हा वाजवणाऱ्यांना तळपायानं माहीत होतं. प्रभात फिल्म कंपनीनं १९२९ मध्ये इथंच सुरुवात केली आणि त्यांचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट १९३२ मध्ये इथंच बोलला, संगीत गोविंदराव टेंब्यांचं. त्या वेळी चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रण एकदमच व्हायचं. वादक चौकटीबाहेर बसून नट-गायकाकडं बघत वाजवायचे. एक चुकला की सगळं पुन्हा. बघून वाजवायची विद्या आपल्या गावात तेव्हापासून आहे.

आज तुला इथं काय मिळेल? शिवाजी विद्यापीठाचा संगीत विभाग, युवा महोत्सव, शाळा-कॉलेजांची समूहगानं, लग्नाचे बँड, चर्चमधले गायकवृंद. सगळ्यांकडं जा. ब्रास बँडला कमी लेखू नकोस. वीस माणसं रस्त्यावर चालत, फटाक्यांच्या आवाजात एका सुरात ठेवणारा मास्तर मी म्हणेन त्या कंडक्टरच्या तोडीचा आहे. ज्याला आपण 'ऑर्केस्ट्रा' म्हणतो, सिनेमाची गाणी, ऑक्टोपॅड आणि निवेदिका, तिथंही पैशासाठी वाजव, शिकायलाही मिळेल. पण पूर्ण सिम्फनी वाद्यवृंद इथं नाही. त्यासाठी मुंबईला एनसीपीए या कलाकेंद्रात जा, सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा हंगाम असतो तेव्हा. २००६ पासून तो वाद्यवृंद आहे. कार्यक्रमापेक्षा सराव बघायला मिळाला तर तो सोडू नकोस, त्यासाठी विनवण्या कर. कार्यक्रमात कंडक्टर नाचताना दिसतो. काम काय असतं ते सरावात कळतं, आणि ते मुख्यतः थांबवणं आणि कमी बोलणं असतं. आपण दहा मिनिटं भाषण देतो, ते "बावीसपासून, व्हायोलिन हळू" म्हणून मोकळे होतात.

पैशाचं एका ओळीत: फक्त संचालनावर इथं घर चालत नाही. माझं चाललं ते तबल्याच्या शिकवण्यांवर. आकाशवाणीची श्रेणी घे, अलंकारची परीक्षा दे, आणि शाळेत संगीत शिक्षकाची जागा निघाली तर नाक मुरडू नकोस, कारण शाळेत रोज पन्नास मुलांचा जिवंत वाद्यवृंद फुकट मिळतो.

शेवटी तू विचारलं आहेस, काठी कुठली घ्यावी. इतक्यात घेऊच नकोस. तबलजीच्या हाताची बोटं आणि मनगट फार ताकदीचं असतं; काठी दिली की आपण ती हातोडीसारखी धरतो आणि हवेत गठ्ठे ठोकतो. सहा महिने नुसत्या हातानं कर, कोपर अंगापासून जरा सुटं, तळवा खाली. आरशासमोर नको, आरशात माणूस स्वतःवर खूश होतो. मोबाइल समोर ठेवून चित्रण कर आणि आवाज बंद करून बघ. तुझ्या नुसत्या हाताकडं बघून तुझ्या बहिणीला सम कुठं आहे ते सांगता आलं की माझ्याकडं ये. बारा-चौदा इंचाची हलकी काठी, मागं बुचाची मूठ असलेली, माझ्याकडं दोन आहेत, त्यातली एक देईन.